समुद्राचे आकडे वाचायचे कसे?

श्रोते मंडळी, तराजूत पासंग असला, तर दहा पोती तोला की शंभर, प्रत्येक मापात तीच खोट येते. म्हणून जाणता माणूस आधी रिकामा तराजू पाहतो. समुद्राची खबर आणणाऱ्या यंत्रांचेही तसेच आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वादळाला बळ मिळते ते समुद्राच्या उबदार पाण्यातून. उपग्रहाला फक्त वरचे पाणी दिसते. ऊब किती खोल आहे ते दिसत नाही. उबदार थर पातळ असेल, तर वादळाच्या ढवळण्याने खालचे गार पाणी वर येते आणि जोर ओसरू लागतो. थर जाड असेल, तर वादळाला शिधा पुरतो. म्हणून पाण्याच्या पोटात उतरून मोजावे लागते.

हे काम ‘आर्गो’ नावाचे तरंगक करतात. जगाच्या समुद्रांत ते सुमारे ४००० आहेत. हे नळकांडे १००० मीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहते, मग २००० मीटरपर्यंत बुडते आणि वर येताना मोजत येते. साधारण दहा दिवसांत एक फेरी होते. वर आले, की ते उपग्रहामार्फत आकडे धाडते. भारताच्या तरंगकांचे आकडे हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्रात जमा होतात.

पण यंत्र काही ‘पाणी २८ अंश आहे’ असे बोलत नाही बरं का! त्याला कळते ती विजेची भाषा. उष्णतेने एका मण्याचा विद्युत्‌रोध बदलतो, त्याचा आकडा येतो. तो ज्ञात तापमानाच्या पाण्यात आधी पडताळलेला असतो आणि त्यावरून सूत्र बसवलेले असते. एका यंत्राचे सूत्र दुसऱ्याला चालत नाही.

मग येतो पाण्याचा दाब. तरंगक पृष्ठभागावर असताना दाब शून्य दिसला पाहिजे. दोन दिसला, तर तो झाला पासंग. साऱ्या आकड्यांतून दोन वजा करायचे. दाबावरून खोली निघते. १००० डेसिबार म्हणजे आपल्या समुद्रांत सुमारे ९९० मीटर.

सर्वांत अवघड मिठाचा हिशेब. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, पण तापलेल्या पाण्यातूनही सहज वाहते. एका अंशाने वाहकता सुमारे दोन टक्के वाढते. म्हणून मीठ काढताना उष्णतेचा परिणाम वेगळा काढावा लागतो. दोन्ही मापके एकाच क्षणी एकाच पाण्याचे माप घेत नसतील, तर जोडी चुकते. उष्ण पाण्यात एका अंशाची चूक झाली, तर किलोमागे सुमारे पाऊण ग्रॅम मीठ खोटे निघते. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे वर पसरते आणि खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही. तिथे मिठाचा हिशेब चुकला, तर वादळाचाही अंदाज चुकू शकतो.

ही चूक पकडायची कशी? आलेख काढून. खोली वरून खाली मांडायची, शून्य माथ्यावर. म्हणजे कागद समुद्रासारखाच दिसतो. रेषेत एकाएकी काटा उभा राहिला, किंवा जड पाण्याखाली हलके पाणी दिसले, तर शंका घ्यायची. मात्र मूळ आकडा खोडायचा नाही! चांगल्याला १, वाईटाला ४ अशी खूण करून तो जपून ठेवतात. उद्या सुधारलेले सूत्र मिळाले, तर हिशेब पुन्हा मांडता येतो.

गुरुजी आणि बाई, हा धडा फळ्यावर जरूर घ्या. नमुन्यादाखल आकडे असे: पृष्ठभागी २९ अंश, ५० मीटरवर २८, १०० वर २४, २०० वर १६, ५०० वर ११. मुलांना बिंदू जोडू द्या आणि विचारा, २६ अंशांची ऊब कुठवर पोचली? वादळाचे अभ्यासक नेमकी हीच खोली पाहतात. उत्तर येईल, सुमारे ७५ मीटर. मग एखादा आकडा मुद्दाम चुकवा आणि तो मुलांनाच शोधू द्या. किनाऱ्यावरच्या माणसाला होडी वर ओढायला वेळेवर सांगायचे, तर आधी आकड्यातला पासंग ओळखता आला पाहिजे.