रेशमी वस्त्रांची धुलाई आणि निगा

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि खाडीकाठी मिठागरे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात हवा वर्षाचे बरेच महिने दमट व खारी असते. मंगळागौर, गणेशोत्सव, नवरात्र हे रेशमी वस्त्रे नेसण्याचे सणही नेमके याच दमट दिवसांत किंवा त्यांना लागून येतात. घामाने भिजलेली पैठणी घडी करून थेट कपाटात गेली, तर पुढील वर्षी ती बुरशीचे ठिपके आणि काळवंडलेली जर घेऊनच बाहेर येते. येवले व पैठण येथील विणकरांचे कित्येक महिन्यांचे श्रम अशा दुर्लक्षामुळे वाया जातात.

रेशीम हा प्राणिज तंतू होय. केस व लोकर यांप्रमाणे तोही प्रथिनांचा बनलेला असतो. त्यामुळे सुती कापडास चालणारे उपाय रेशमास घातक ठरतात. धुण्याचा सोडा व तीव्र साबण यांतील क्षारांमुळे तंतूची चकाकी जाते आणि तो ठिसूळ होतो. क्लोरीनयुक्त विरंजक चूर्णाने तर तंतूच विघटित होतो. डाग काढण्यासाठी काही धुलाईच्या भुकटींत प्रथिने पचविणारी विकरे मिसळलेली असतात. ती डागाबरोबर रेशमावरही क्रिया करतात.

साधे, बिनजरीचे व पक्क्या रंगाचे रेशीम घरी धुता येते. प्रथम आतील कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबावा. फडक्यास रंग लागल्यास ते वस्त्र घरी धुऊ नये. रंग पक्का असल्यास थंड पाण्यात रिठ्याचे गाळलेले पाणी अथवा सौम्य द्रव साबण मिसळून त्यात वस्त्र हलक्या हाताने खालीवर करावे. ओले असताना रेशमाची ताकद घटते. म्हणून घासणे, आपटणे व पिळणे टाळावे. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास त्यात साबणाचा चिकट साका तयार होऊन तंतूवर बसतो. तेथे रिठा अधिक उपयुक्त ठरतो. अखेरच्या पाण्यात बादलीमागे दोन चमचे व्हिनेगर घातल्यास उरलेला क्षार निघून जातो.

धुतलेले वस्त्र टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे व सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. उन्हाने रेशीम पिवळे पडते व कमकुवत होते. इस्त्री कोमट असावी आणि ती उलट बाजूने करावी. जरीची साडी मात्र जाणकाराकडून ड्रायक्लीन करून घेणेच इष्ट.

डागांबाबत तत्परता महत्त्वाची. तेलकट डागावर टाल्कम पावडर पसरून काही तासांनी झटकावी. दूध वा रक्ताच्या डागास थंड पाणीच लावावे; गरम पाण्याने त्यातील प्रथिने गोठून डाग पक्का होतो. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो. हा क्षाराचा परिणाम असून सौम्य व्हिनेगरच्या पाण्याने तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. सुती कापडावरील हळद उन्हात फिकी पडते. रेशमावर हा उपाय करू नये. कोणताही उपाय प्रथम आतील कोपऱ्यावर करून पाहावा.

अत्तर अंगावर लावून वाळल्यानंतरच साडी नेसावी. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे जरीतील चांदी काळी पडते. म्हणून नेसलेली साडी प्रथम सावलीत वाऱ्यावर टाकावी, नंतर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. डांबरगोळ्या जरीस टेकू देऊ नयेत. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, अन्यथा त्याच रेषेवर वस्त्र विरते.

खरेदीच्या वेळीही दक्षता हवी. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेले 'सिल्क मार्क' हे चिन्ह शुद्ध रेशमाची ओळख पटविते. काठाचा एखादा सुटा धागा जाळल्यास शुद्ध रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांनी चुरता येते; कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. शाळांतील विज्ञानाच्या तासाला व महिला बचत गटांच्या बैठकीत हे साधे प्रयोग करून दाखविता येतील. आजीची पैठणी नातीच्या अंगावर दिसावी, यासाठी एवढी जाण पुरेशी आहे.