जुनी चेतक पुन्हा सुरू करायचीय? आधी किक मारू नका!

नाशिकच्या इंदिरानगरमधील एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजूनही बजाज चेतक धूळ खात उभी असते. वडिलांची म्हणून विकवत नाही आणि दुरुस्तीला सवड मिळत नाही. मग एका रविवारी हुरूप येतो, ताजे पेट्रोल टाकून धडाधड किक मारल्या जातात. इंजिनाचे नुकसान अनेकदा याच दहा मिनिटांत होते.

किक का नको?

१९७२ मध्ये आलेली चेतक अनेक वर्षे टू-स्ट्रोक होती. या इंजिनात क्रँकसाठी वेगळे ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण देते. गाडी उभी राहिली की हा थर सुकतो. चार-पाच पावसाळ्यांच्या दमट हवेत लोखंडी सिलिंडरला गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटतात. अशा वेळी जोरात किक मारली, तर गंजाचे कण बोअर खरवडतात किंवा रिंग तुटते.

मग करायचे काय?

प्लग काढा. त्या छिद्रातून दोन-तीन चमचे टू-टी ऑइल सोडा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. इंजिन हलले नाही, तर आणखी ऑइल आणि आणखी एक दिवस. इथे घाई केली की बोअर-पिस्टनचा खर्च ठरलेला!

जुने पेट्रोल पूर्ण काढून टाका. इथेनॉल हवेतील पाणी शोषते, ते टाकीच्या तळाशी साचते आणि उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरचे जेट बुजवतो. नुसते ताजे पेट्रोल ओतून हा थर निघत नाही. कार्बोरेटर खोलून साफ करावा लागतो. पूर्वी गाडी तिरकी करून किक मारायची युक्ती घरोघरी चालायची, पण इथे तिचा उपयोग नाही. नव्या पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिली ऑइल मिसळायला विसरू नका. प्लगला ठिणगी येत नसेल, तर जुन्या मॉडेलमध्ये पॉइंट घासून पाहा.

सुरू झाली, तरी कान द्या

अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन चढ्या आवाजात पळत राहिले, तर लगेच बंद करा. फ्लायव्हीलच्या बाजूचे ऑइल सील वाळून इंजिन बाहेरची हवा ओढत असण्याची शक्यता असते. अशीच पळवली, तर पिस्टन जाम होईल. पांढरा धूर थांबतच नसेल, तर क्लचकडच्या सीलमधून गिअर ऑइल आत जात असू शकते. पहिला गिअर टाकताच गाडीने उडी मारली, तर क्लच प्लेट चिकटल्या आहेत. ब्रेक आणि टायर तपासल्याशिवाय मात्र गाडीवर बसूच नका.

नोंदणीला १५ वर्षे उलटली असतील, तर आरटीओत तपासणी करून पुढील ५ वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी पर्यावरण करही भरावा लागतो. विमा आणि पीयूसी वेगळे. तोवर गाडी सोसायटीच्या गेटच्या आतच फिरवा.