हिरवा दिवा, आईची अर्धशिशी आणि कंट्रोल ग्रुप

माझ्या आईला गेली कित्येक वर्षं अर्धशिशी आहे. महिन्यातले सात-आठ दिवस ती डोक्याला फडकं घट्ट बांधून, खिडक्या लावून पडून असते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ‘हिरव्या प्रकाशाने अर्धशिशी कमी होते’ असा शोधनिबंध हाती लागला, तेव्हा मी फक्त सारांश वाचला आणि सरळ बाजारात जाऊन हिरवा एलईडी बल्ब आणला. पीएच.डी. करणाऱ्या मुलीने असं करावं का? नाही. पण केलं. त्या चुकीतून जे शिकले ते आज लिहिते आहे. पेट, नेट देऊन संशोधनाकडे येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आधी मूळ काम बघू. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात मोहाब इब्राहिम हे वेदनातज्ज्ञ डॉक्टर आहेत. त्यांचा भाऊ डोकं दुखलं की गोळी घेण्याऐवजी झाडांमध्ये जाऊन बसायचा, आणि त्याला बरं वाटायचं. यावरून त्यांना प्रश्न पडला, की यात हिरव्या रंगाचा काही हात असेल का? राजेश खन्ना आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि २०१७ मध्ये ते ‘पेन’ या जर्नलमध्ये छापून आले.

प्रयोग साधा होता. उंदरांना रोज ८ तास, असे ५ दिवस, ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या एलईडी प्रकाशात ठेवलं. मग पंजावर उष्णता देऊन तो किती वेळाने मागे घेतात ते मोजलं. हिरव्या प्रकाशातले उंदीर पंजा उशिरा मागे घेत होते, म्हणजे त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढली होती. दिवे बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे ४ दिवस टिकला.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हा परिणाम डोळ्यांतून होतो की त्वचेतून? हे ठरवण्यासाठी त्यांनी उंदरांना चक्क कॉन्टॅक्ट लेन्स बसवल्या! काहींच्या लेन्समधून हिरवा प्रकाश आत जायचा. हे उंदीर खोलीच्या साध्या उजेडात होते, तरी त्यांच्यात परिणाम दिसला. काहींच्या लेन्स अपारदर्शक होत्या. ते हिरव्या प्रकाशात असूनही परिणाम दिसला नाही. म्हणजे वाट डोळ्यांतूनच जाते. चांगला कंट्रोल म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

पुढे २०२२ मध्ये चीनमधल्या एका गटाने उंदरांमध्ये हीच वाट मेंदूत आणखी आत शोधली. दृष्टिपटलातल्या शंकूपेशींपासून निघालेला संदेश मेंदूतल्या एन्केफॅलिन बनवणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोचतो, असं त्यांना दिसलं. एन्केफॅलिन म्हणजे शरीराने स्वतःच बनवलेलं, अफूच्या जातकुळीचं वेदनाशामक. हे ॲरिझोनाच्या निष्कर्षाशी जुळतं. तिथेही नालोक्सोन हे अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर हिरव्या प्रकाशाचा फायदा नाहीसा झाला होता.

इथपर्यंत सगळं छान. आता माणसांकडे येऊ. इब्राहिम यांच्याच गटाने २०२० मध्ये अर्धशिशीच्या २९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांनी घरी रोज १ ते २ तास, १० आठवडे पांढऱ्या प्रकाशात बसायचं, मध्ये २ आठवडे सुट्टी, मग १० आठवडे हिरव्या प्रकाशात. जुनाट अर्धशिशी असलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी २२.३ वरून ९.४ वर आले. अधूनमधून त्रास होणाऱ्यांचे ७.९ वरून २.४ वर.

हेच आकडे वाचून मी बल्ब आणला होता. आठवड्याने जर्नल क्लबमध्ये हाच पेपर मांडला, तेव्हा आमच्या एका सीनियरने एवढंच विचारलं, “आधी हिरवा आणि मग पांढरा, असा क्रम किती जणांना दिला?”

कुणालाच नाही. सगळ्यांना आधी पांढरा, मग हिरवा. मग फरक रंगामुळे पडला, की नुसता काळ गेल्यामुळे, हे कसं वेगळं काढणार? दुसरी अडचण म्हणजे आपण कोणत्या रंगात बसलोय हे रुग्णाला दिसतंच. गोळी असती तर तशीच दिसणारी साखरेची गोळी देता आली असती. रंग कसा लपवणार?

आणि इथेच नालोक्सोनचा मुद्दा उलटतो. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवलं होतं, की प्लासिबोमुळे मिळणारा आरामही नालोक्सोनने रोखता येतो. म्हणजे ‘मला बरं वाटणार’ ही अपेक्षासुद्धा शरीरातल्या त्याच वेदनाशामक यंत्रणेला जागं करू शकते. उंदराला हिरव्या रंगाकडून काही अपेक्षा नसते, माणसाला असते. त्यामुळे उंदरांमधली यंत्रणा कितीही पक्की असली, तरी माणसांमधला फायदा तिच्यामुळेच झाला असं लगेच म्हणता येत नाही. संशोधकांनीही आपला अभ्यास ‘प्राथमिक’ आहे असं शीर्षकातच लिहिलं होतं. मी तो शब्द वाचून पुढे गेले होते.

मग आईचं काय झालं? पहिल्या महिन्यात तिचे डोकेदुखीचे दिवस खरंच कमी झाले. मी फोनवर खूश होऊन विचारलं, “मग, दिव्याने फरक पडला ना?” ती म्हणाली, “दिव्याचं मला माहीत नाही गं. पण मी त्या खोलीत बसले की तासभर मला कुणी हाक मारत नाही. मोबाइलपण बाहेर असतो.”

मी फोन धरून गप्पच बसले. वीस वर्षांत तिला रोजचा एक तास स्वतःसाठी मिळाला नव्हता, आणि आमच्या घरात हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या ‘प्रयोगात’ हिरवा रंग आणि विश्रांती एकत्र आले होते. कशाचा गुण किती, हे मला कधीच सांगता येणार नाही.

बल्ब अजून आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चालू आहेत, त्या बंद करायच्या नाहीत हे मी तिला बजावलंय. आणि तो एक तास घरात आता सगळे पाळतात.

तुम्ही पुढचा पेपर वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी ‘पद्धती’ हा भाग उघडा आणि विचारा, कुणाची तुलना कुणाशी केली आहे? आणि हा अभ्यास तुम्हाला करायचा असता, तर रंगाची अडचण तुम्ही कशी सोडवली असती? विचार करून बघा. संशोधन प्रस्ताव लिहिण्याची सुरुवात अशीच होते.