मासा सोडू नका, पाण्यावर लक्ष ठेवा



"गरोदरपणात मासे कमी खा म्हणतात, मग आमच्या घरात खायचं काय?" हा प्रश्न सोसायटीत अधूनमधून येतो, जास्त करून वहिनींकडून. त्याचं सरळ उत्तर खाली दिलं आहे. पण आधी कॅनडातल्या एका मासेमार गावाची हकीकत वाचा. म्हणजे त्या प्रश्नामागे केवढं मोठं प्रकरण आहे ते कळेल.

काय झालं?

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ग्रासी नॅरोज नावाचं आदिवासी गाव आहे. लोक अनिशिनाबे समाजाचे. नदीतला मासा हेच त्यांचं जेवण आणि तोच रोजगार. कोणी मासे धरून विकायचे, कोणी गळ टाकायला येणाऱ्या पर्यटकांना होडीतून न्यायचे.

नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन शहरात कागदाचा कारखाना होता. कागदाचा लगदा पांढरा करायला क्लोरीन लागतो, आणि तो बनवताना तिथे पारा वापरत. १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा नदीत सोडला गेला.

१९७० मध्ये माशांत पारा असल्याचं उघड झालं आणि सरकारने तिथली धंद्याची मासेमारी बंद केली. नदी नासवली कारखान्याने, होड्या मात्र मासेमारांच्या किनाऱ्याला लागल्या.

पारा पोरांपर्यंत कसा पोचतो?

पारा तळाच्या चिखलात बसतो. तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विष करतात. ते आधी किड्यांत जातं, मग किडे खाणाऱ्या लहान माशांत, मग लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीला साठा वाढतो. म्हणून मोठ्या, जास्त वर्षं जगणाऱ्या शिकारी माशात पारा सगळ्यात जास्त.

आपल्याला कल्ले बघून मासा ताजा की शिळा ते कळतं. पारा तसा कळत नाही. रंग नाही, वास नाही. तो मांसातच मुरलेला असतो, त्यामुळे धुऊन, खारवून, सुकवून किंवा तळून जात नाही.

सगळ्यात मोठा धोका पोटातल्या बाळाला. जपानमधल्या मिनामाटा या मासेमार भागात १९५६ मध्ये असाच आजार उघडकीला आला. विष आईच्या नाळेतून पलीकडे जात नाही, अशी तेव्हा डॉक्टरांची समजूत होती. डॉ. मासाझुमी हारादा यांनी तिथली मुलं तपासली आणि ती समजूत खोटी ठरली. आईला फारसा त्रास नसतानाही मूल जन्मापासून अपंग असू शकतं, कारण वाढणारा मेंदू फार नाजूक असतो. हेच हारादा १९७५ मध्ये ग्रासी नॅरोजला गेले. हातापायांना बधिरपणा, कमी झालेली नजर अशी मिनामाटासारखी लक्षणं त्यांना तिथेही दिसली.

तिथल्या लोकांच्या जुन्या तपासण्यांवरून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या केसांत वर्षानुवर्षं जास्त पारा सापडला होता, त्यांच्यात साठीच्या आत मरण्याचं प्रमाण जास्त निघालं.

एवढी वर्षं का लागली?

भरपाईसाठी मंडळ आलं १९८६ मध्ये. नदी साफ करायला ओंटारियो सरकारने ८ कोटी ५० लाख कॅनडियन डॉलर द्यायचं कबूल केलं २०१७ मध्ये. म्हणजे मासेमारी बंद झाल्यावर ४७ वर्षांनी! तोवर तेव्हाच्या पोरांना नातवंडं झाली.

कारण शोधायला लांब जायला नको. कॅनडाच्या आदिवासींना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा पुरता हक्क १९६० मध्ये मिळाला. ग्रासी नॅरोजची वस्ती तर १९६० च्या दशकात सरकारने जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे नेली होती. अशा लोकांचं ऐकणार कोण? घाण कोणाच्या दारात सोडायची आणि कोणाचं पाणी आधी साफ करायचं, हे माणसाचा वंश आणि खिसा बघून ठरतं, तेव्हा त्याला पर्यावरणातला वंशभेद म्हणतात.

"मासे खाऊ नका" हा सल्ला द्यायला सोपा. पैसेवाला दुसरं काही आणून खाईल. माशावर जगणाऱ्या घराचं ताटही जातं आणि कमाईही.

आपण काय करायचं?

१. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मासे सोडू नयेत. बाळाच्या मेंदूसाठी मासा चांगलाच. तारले, बांगडे, मांदेली, सुंगटे हे लहान जीव, त्यांच्यात पारा सहसा कमी असतो.

२. मोठी मोरी, तलवार मासा, मोठा टूना या दिवसांत टाळा. लहान मुलांनाही देऊ नका. बाळंतिणीला मोरीचं हुमण द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मोठी मोरी असेल तर तिच्याऐवजी तारले-बांगडे करा. घरातल्या आजींना हे नीट समजावून सांगा.

३. पाण्याचा रंग बदलला, मासे मरून वर आले, तर तारीख, वेळ, जागा आणि भरती की ओहोटी ते लिहून ठेवा. फोटो काढा. असे मासे विकू नका, खाऊ नका.

४. सोसायटीला लगेच कळवा. मत्स्योद्योग खातं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.

पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. तेव्हा "आमच्या पाण्यात काय सोडता?" असं विचारताना बिचकायचं कारण नाही. वरून आलेली घाण खाली राहणाऱ्याच्याच जाळ्यात येते, हे मांडवी-जुवारीवर होड्या चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ग्रासी नॅरोजच्या लोकांना ८ वर्षं कोणी काही सांगितलं नाही. आपण कोणी सांगायची वाट बघायची नाही.

ही पोस्ट घरात वाचून दाखवा आणि आपल्या जेटीच्या ग्रुपवर पाठवा.