रुक्मीच्या गावी पावसात

भातकुलीला पावसाळ्यात येऊ नये, असं आमची आईच म्हणायची. आणि तिचा सारा संसार भातकुलीत झाला! इथली काळी जमीन एकदा भिजली, की पायातली चप्पल धरून ठेवते आणि पाहुणा अनवाणी घरी पोचतो. तरी गेल्या श्रावणात मी भर पावसात माहेरी निघाले.

निघाले खरी, पण अमरावतीहून पश्चिमेला पंधराएक किलोमीटर येऊन एस्टीतून उतरले, नि पाय घराकडे वळेनात. माझं लग्न दादाच्या मनाविरुद्ध झालं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ‘एकदा या,’ असा निरोप वहिनीचा होता, दादाचा नव्हता. तेव्हा आधी गाव पाहू, असं मनाशी म्हणत मी छत्री उघडली.

जैन मंदिरात काळ्या पाषाणातले भगवान आदिनाथ पद्मासनात शांत बसले होते. त्यांच्या दर्शनाला दुरून यात्रेकरू येतात. आमच्या गावाला मात्र लहानपणापासून आम्ही ओळखतो ते रुक्मीचं गाव म्हणून. वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरहून कृष्णाने रुक्मिणीला नेलं, तेव्हा हा भाऊ चवताळून पाठीवर धावला, हरला, आणि तोंड दाखवायला घरी न जाता त्याने नवं नगर वसवलं. तेच भोजकट.

ही झाली पुराणातली गोष्ट. पण भोजकट हे नाव तांब्यावरही कोरलेलं आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. भोजकट राज्यातलं चर्मांक गाव राजाने हजार ब्राह्मणांना दान दिलं, असं त्यात लिहिलं आहे. दानाला अटीही आहेत : राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही, केलात तर गाव परत घेऊ! महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे भोजकट म्हणजे आपली भातकुलीच, असं सांगितलं. म्हणजे दीड हजार वर्षांत राजे गेले, राज्यं गेली. नाव तेवढं झिजत झिजत का होईना, टिकलं.

विचार करता करता मी पांदणीला लागले होते. कपाशी गुडघ्याला आली होती. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. विहीर खणली तर पाणी खारं; ते पिकाला द्यावं तर माती बिघडते. म्हणून खरिपाला पाऊस, आणि हिवाळ्यात मातीत मुरलेल्या ओलीवर हरभरा. इथे पावसाला कोणी कंटाळत नाही.

पोत्याची खोळ घेतलेली एक म्हातारी समोरून आली.

“कोनाची व तू?”

मी दादाचं नाव सांगितलं.

“मंग भावाचं घर सोडून वावरात कायले फिरून राह्यली?”

उत्तर नव्हतं. परत वळले, तर एक चप्पल चिखलातच राहिली. वाकून शोधताना भागवतातला पुढचा भाग आठवला. वैर मनात असूनही, बहिणीला बरं वाटावं म्हणून रुक्मीने आपली लेक तिच्या मुलाला दिली. पुढे नातीचंही लग्न तिच्या नातवाशी ठरवलं, आणि कृष्ण-रुक्मिणी वऱ्हाड घेऊन याच भोजकटला आले. त्या लग्नात फासे मांडले गेले, भांडण झालं, आणि बलरामाने रुक्मीला मारलं. एवढा भाग आई आम्हाला कधी सांगत नसे.

दारात दादा उभा होता. केस पार पिकले होते. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

“चप्पल कोठी गेली?”

“वावरानं ठेवून घेतली.”

तो हसला नाही. पण बादली पुढे सरकवली. “पाय धू.” आणि मी पाय धुऊन उंबरा ओलांडताना मागून म्हणाला, “भाऊबीजेले जवायाले घेऊन येजो.”

मला काही बोलवेना. आत गेल्यावर वहिनीच्या कानात एवढंच म्हटलं, “घरात सारीपाट असेल, तर तेवढा आधी लपवून ठेवा!”