सोनघंटा ओळखावी कशी?

नायगांवांतील चाळीच्या गॅलरींत कुंडीमधली जास्वंद असते, आणि पडीक जागेंत पेटारी आपोआप उगवते. हीं दोन झाडें ज्यानें नीट पाहिलीं आहेत, त्यास सह्याद्रींतील सोनघंटा हें अतिदुर्मिळ झुडूप ओळखतां येईल.

जास्वंदीचे पुंकेसर सुटे नसतात. त्यांचे तंतू जुळून नळी बनते व तिच्यांतून स्त्रीकेसर बाहेर येतो. भेंडी, कापूस इत्यादिकांच्या कुळाची ही खूण होय. फूल उलटें केल्यास हिरव्या पुष्पकोशाखालीं बारीक पात्यांचें आणखी एक कडें दिसतें, तो उपपुष्पकोश. पेटारीच्या फुलास नळी असते, पण हें कडें नसतें. तिच्या फळाचे १५ ते २० कप्पे चाकाप्रमाणें वर्तुळांत बसलेले असतात.

सोनघंटा ही पेटारीच्याच प्रजातींतली. म्हणून तिलाही उपपुष्पकोश नाहीं. परंतु पेटारीचें फूल पिवळें व पसरट, तर सोनघंटेचें घंटेसारखें खालीं लोंबणारें, पिवळसर नारिंगी, तांबूस शिरांचें. झुडूप पुरुषभर किंवा अधिक उंच वाढतें व हिवाळ्यांत फुलतें.

येथें एक फसगत संभवते. रोपवाटिकांतून मिळणाऱ्या ब्राझीलकडील एका जातीचीं फुलेंही अशींच लोंबतीं व तांबड्या शिरांचीं असतात. अशा वेळीं पान पाहावें. बागेंतल्या जातीचें पान खंडित असतें. सोनघंटेचें अखंड, हृदयाकृति व लांब टोंकाचें.

हें झुडूप आंबा घाटांत रानडे या संग्राहकांस मिळालें. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें वनस्पतिशास्त्र शिकविणारे वुड्रो व त्यांचे सहलेखक स्टाफ यांनीं १८९४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘अब्युटिलॉन रानडेई’ असें नांव दिलें. सह्याद्रीबाहेर तें कोठेंही रानांत आढळत नाहीं.

मोजक्याच जागीं उरलेल्या या झुडपाचें एक फूल तोडलें, कीं त्या फुलाचें बीं बुडालें. शिवाय तोडण्याची गरजही नसते. फूल लोंबतें असल्यामुळें त्याची मागील बाजू पाहणाऱ्याकडेच असते; उपपुष्पकोश नाहीं, हें हात न लावतां दिसतें. पान, फुलाची पाठ व खालून दिसणारी नळी अशीं तीन छायाचित्रें घ्यावींत. मुंबईकरांस तीं सेंट झेवियर्स कॉलेजांतील ब्लॅटर हर्बेरियममध्यें जाणकारांस दाखवितां येतील, आणि झुडूप घाटांत आपल्या जागीं फुलत राहील.