स्टिअरिंग कण्हतंय? आधी गळती शोधा!

पार्किंगमध्ये लालसर डाग, वळताना येणारा विचित्र आवाज आणि गॅरेजचं पाच आकडी एस्टिमेट... पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळायला लागलं, की घाबरून खिसा रिकामा करण्याआधी थोडी डिटेक्टिव्हगिरी करा!

सोमवारची सकाळ. हिंजवडीला साडेनऊची मीटिंग आणि कोथरूडच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढताना स्टिअरिंग एकदम जड. फिरवलं की बॉनेटखालून 'कूंऽऽ' असा आवाज, जणू गाडीलाही ऑफिसला जायचं नाहीये! मागे वळून बघितलं तर पार्किंगच्या फरशीवर बशीएवढा लालसर, चिकट डाग.

संध्याकाळी एका वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, खालून टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, रॅक गेलाय. नवीन टाकावा लागेल. लेबर धरून ३२ हजार." पोटात गोळाच आला. गाडी २०१२ची, सेकंडहँड. नोकरदार मंडळींना सांगायला नको, महिन्याच्या १८ तारखेला ३२ हजार म्हणजे काय ते!

'विचार करून सांगते' म्हणून तिथून निघाले. तेच माझ्या पथ्यावर पडलं.

हे ऑइल जातं कुठे?

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. तिथे मोटर मदत करते, ऑइलचा प्रश्नच नाही. पण जुन्या सेडान आणि बऱ्याच एसयूव्हींमध्ये हायड्रॉलिक सिस्टिम आहे. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. तो छोट्या टाकीतलं ऑइल घेऊन जाड प्रेशर होजमधून स्टिअरिंग रॅककडे ढकलतो. ते प्रेशर तुमच्या हातांचं काम हलकं करतं आणि ऑइल रिटर्न होजमधून परत टाकीत येतं. म्हणजे गळायला जागा मोजक्याच: टाकी, पंप, दोन होज, त्यांचे जोड आणि रॅक. यातला रॅक सगळ्यात महागड्या पार्टपैकी एक, तर होजचा क्लॅम्प किंवा रबरी ओ-रिंग अगदी चिल्लर!

थेंब एकीकडे, गळती दुसरीकडे

मित्राच्या ओळखीने कर्वेनगरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या काकांनी आधी टॉर्च नाही, फडकं घेतलं. टाकीपासून खाली सगळे पाइप स्वच्छ पुसले. मग म्हणाले, "ताई, स्टार्ट करा आणि स्टिअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवा. पण टोकाला नेऊन धरून ठेवू नका, पंपावर लोड येतो."

चार-पाच वेळा फिरवल्यावर त्यांनी मला बोलावलं. रिटर्न होजचं टोक कडक होऊन तडकलं होतं, क्लॅम्प सैल झाला होता. ऑइल तिथून झिरपत होतं, होजवरून ओघळत रॅकवर येत होतं आणि तिथून टपकत होतं. काकांनी रॅकच्या टोकाचं रबरी बूट मागे सरकवलं. आत कोरडं ठणठणीत! "रॅकचं सील गेलं असतं तर हे बूट तेलाने भरलं असतं," ते म्हणाले. "थेंब कुठे पडतो ते नाही बघायचं, सगळ्यात वर ओलं कुठे आहे ते बघायचं."

नवी होज, दोन क्लॅम्प, एक लिटर ऑइल आणि मजुरी. बिल १,४५० रुपये. जीव भांड्यात पडला!

घरच्या घरी तपासणी

मेकॅनिककडे जाण्याआधी एवढं तर आपल्यालाही जमतं.

• रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डागाची जागा आणि रंग बघा. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बहुधा लालसर किंवा पिवळट असतं, जुनं झालं की तपकिरी. इंजिन ऑइल काळपट. पाण्यासारखा, बिनवासाचा थेंब हा एसीचा, तो सोडून द्या. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइलही लाल असतं, म्हणून टाकीतली पातळीही बघा.

• टाकीवर मिनिमम-मॅक्सिममच्या खुणा असतात. पातळी घटत असेल तर गळती नक्की.

• ऑइलला फेस आलाय, पण खाली थेंब नाही? मग टाकीकडून पंपाला येणाऱ्या नळीच्या जोडातून हवा आत शिरत असेल. तिथली ओ-रिंग बघायला सांगा.

• पातळी ठीक, सगळं कोरडं आणि तरी किंचाळल्यासारखा आवाज? बेल्ट सैल झाला असेल.

• इंजिन चालू असताना प्रेशर होजजवळ हात नेऊ नका. ऑइल गरम असतं आणि प्रेशर जबरदस्त. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचं नाही!

खिशाला परवडणारा इलाज

क्लॅम्प, ओ-रिंग आणि रिटर्न होज ही सगळ्यात स्वस्त कामं. प्रेशर होज मात्र साधा पाइप लावून चालत नाही. नवी महाग वाटली तर हायड्रॉलिक होज बनवणाऱ्यांकडे जुनी दाखवून त्याच प्रेशरची करून मिळते का ते विचारा. पंपाच्या शाफ्टमधून गळत असेल तर अनेक पंपांचं सील किट मिळतं. आणि रॅक खरंच गेला असेल, तरी नवा घेण्याआधी सील किट टाकून ओव्हरहॉल होतो का ते बघा. रॅक काढला, की व्हील अलाइनमेंट आलंच. पुणेकरांना पार्टचे भाव काढायला नाना पेठ आहेच!

ऑइल कोणतं? टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. काही गाड्यांना एटीएफ चालतं, काहींना कंपनीने सांगितलेलंच लागतं. चुकून ब्रेक ऑइल ओतलंत, तर सगळी रबरी सीलं फुगून खराब होतील आणि १,४०० चं काम खरंच ३२ हजारांवर जाईल. 'बाटली ओता, गळती बंद' वाली औषधं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. तडकलेली होज त्याने जुळत नाही.

काम झाल्यावर सिस्टिममधली हवा काढली का, हे जरूर विचारा. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवायचं, पातळी भरत राहायची, फुगे थांबले की मग स्टार्ट. हे टाळलं तर नव्या होजनंतरही आवाज तसाच!

टाळाटाळ नको

'रोज थोडं ऑइल ओतू, चालतंय' हा सगळ्यात महागडा उपाय. टाकी रिकामी झाली की पंप कोरडा फिरतो आणि खराब होतो. स्टिअरिंग फिरतं, पण यू-टर्न घेताना किंवा अचानक रिक्षा आडवी आल्यावर ते ऐनवेळी जड होणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा आणि टो करून न्या. आग लागू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी खाली वाकून 'रॅक गेलाय' म्हणालं, तर एवढंच विचारा, "पुसून बघितलं का? बूट उघडून दाखवता?" प्रश्न फुकट आहे. माझे त्याने ३० हजार वाचले!